जरा सरक

हगवणीनं बकरीचं पिल्लू पार गळून गेलं होतं. भर दुपारी रत्नमाला त्याला मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, पण ते घोटच घेईना.

"सोड आता, नाई वाचत ते," नवरा जीवन म्हणाला.

"वाचवीनच मी त्याले!"

ती पिल्लू उचलून अंगणात बकरीजवळ घेऊन गेली. बकरी पाय फाकवून शांत उभी होती. तिचा एक सड कधीचाच आटला होता. दुसरा खाली ताणला जात होता, सुटत होता, पुन्हा ताणला जात होता. टोकाशी दुधाचा फेस होता. खाली कोणीच नव्हतं.

जीवन मागं सरकला. "रत्ना, घरात चाल."

रत्नमाला गुडघ्यावर बसली. "सरक जरा," तिनं दटावलं. "तुयं झालं पिऊन. आता याले पिऊ दे."

सड सैल पडला. तिनं तो पिल्लाच्या तोंडात दिला आणि मान धरून ठेवली. पिल्लानं एक घोट घेतला, मग दुसरा.

तेवढ्यात तिच्या मोकळ्या हाताची बोटं कुणीतरी गार, ओल्या तोंडात घेतली आणि चोखू लागलं.

रत्नमालेनं हात काढला नाही. पिल्लू पीत होतं.