दोनशे सव्वीस

एका छपराखाली बसून एकाच दिशेने जाणारी संस्था जगात एकच, ती म्हणजे कुटुंब. हे थोर वाक्य स्टेशन वॅगनच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. खालच्या चित्रात नवरा, बायको, तीन मुलं आणि जीभ बाहेर काढलेला एक कुत्रा होता. निरीक्षकाने सहा वर्षांपूर्वी ती गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा यातली बायको तेवढी त्याच्याकडे होती, आणि चित्रात नसलेली आई. आता नुसती आई होती.

घरी एकटी राहू शकत नाही म्हणून बरोबर आणलेली ती गॅरेजमध्ये, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून बसली होती. तिला उतरवून व्हीलचेअरवर बसवायचं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, म्हणून तिच्या बाजूचं दार नुसतं उघडं ठेवलं होतं. मुळात गाडी घेतली ती या व्हीलचेअरसाठीच. डिकीत ती न दुमडता जायची. पुढचं चारशे घोड्यांचं इंजिन, पातेल्यावर झाकण यावं तसं सोबत आलं होतं.

निरीक्षक वजनमापं खात्यातला. बाजारातले तराजू त्याला बघून सरळ व्हायचे. बायको जाऊन तीन महिने झाले होते. भेटायला येणारे रडायचे आणि तो त्यांना पाणी आणून द्यायचा. आपल्याला काय होतंय हे त्याने दोन-तीनदा तपासून पाहिलं होतं. काटा हलला नाही. फक्त सकाळी खाली उभ्या असलेल्या गाडीशेजारून जाताना तो थांबायचा, का थांबलो ते आठवायचं नाही, आणि कचेरीत उशीर व्हायचा. तीस वर्षांत न झालेला उशीर तीन महिन्यांत चौदा वेळा झाला. फिजिओथेरपिस्टही आता घरी यायचा, तेव्हा गाडीचं काम उरलं नव्हतं. आज ती विकली गेली की हे थांबणं संपणार होतं.

गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर होता. दोन मुलं, तिसरं वाटेवर. बायकोने त्याला चांगली मोठी, घरगुती गाडी बघायला पाठवलं होतं आणि तो घोड्यांचा आकडा घरी न सांगता आला होता. त्याने बॉनेटवर दोनदा हात फिरवला, पसंत म्हणाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. व्यवहार तिथेच संपायचा. पण तपासल्याशिवाय वस्तू हातची सोडणं निरीक्षकाच्या रक्तात नव्हतं.

"ही गाडी ताशी साठच्या वर गेलेली नाही," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर जाऊ नका. यंत्र लावून बघा."

गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली वायर खोचली आणि लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. थोडा वेळ त्याने कान खाजवला. मग गाडी तुम्हीच चालवता ना काका, असं विचारलं. रविवारी मीच, असं उत्तर मिळालं.

"इथं दोनशे सव्वीस दिसतंय."

यंत्राचं प्रमाणीकरण शेवटचं कधी झालं, असं निरीक्षकाने शांतपणे विचारलं. गॅरेजवाला म्हणाला की यंत्र एकदा चुकेल, फार तर दोनदा. इथं एकतीस नोंदी आहेत, दोनशेच्या खाली एकही नाही. शिवाय सगळ्या बुधवारच्या, सकाळी साडेअकराच्या आगेमागे.

बुधवारी साडेअकराला निरीक्षक आढावा बैठकीत असायचा. बुधवारी साडेअकराला बायको आईला फिजिओथेरपीला न्यायची, गावाबाहेरच्या नव्या हमरस्त्याने.

तो मागच्या उघड्या दाराशी गेला आणि वाकला.

"आई, ती ही गाडी किती जोरात चालवायची?"

"आकडा कोण बघतंय? मी डोळे मिटून घ्यायचे." आईने पदर सारखा केला. "आधी विचारायची हो. आई, नीट बसलात ना? मी म्हणायचे, बसले, सोड. मग आम्ही दोघी हसत सुटायचो."

निरीक्षकाने बायकोचं हसणं आठवून पाहिलं. तिचं मान डोलावणं आठवलं. 'बरं' म्हणणं आठवलं. डबा भरताना झाकण दाबून बघणं आठवलं. हसणं काही सापडेना.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तपासायला आला असतास."

दातांच्या डॉक्टरने जनरीत म्हणून चेहरा गंभीर केला होता. गाडी फारच दामटलेली आहे, विचार करावा लागेल, असं तो मोठ्याने म्हणाला. मग गॅरेजवाल्याला बाजूला घेऊन, दोनशे सव्वीसच्या वर जाते का, असं हळूच विचारलं. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खोल किडलेली दाढ सापडल्याचं तेज होतं. आहे तशी घेतो, काका, म्हणाला, आणि पुन्हा हात पुढे केला.

निरीक्षकाने खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. मूठ मिटली ती मिटली, हात बाहेर येईना. डॉक्टर तळहात पसरून उभा राहिला. गॅरेजवाल्याने वायर गुंडाळली, लॅपटॉप मिटला, मग गुंडाळलेली वायर उगाच सोडून पुन्हा गुंडाळली. निरीक्षक कुणाकडे बघत नव्हता.

"अरे, ऐकतोस का," आई आतून म्हणाली. "विकायची तर विक, माझं काही म्हणणं नाही. पण आधी मला घरी सोड. आणि जरा भरभर चल, बाथरूमला जायचंय."