आंबा घाटातली पहिली उतरण

कोल्हापूरची एसटी अजून आली नव्हती, आणि रावजीतात्यांच्या हातातल्या नारळालाही आता घाम फुटला होता.

घाट उतरून आल्यावर लागणाऱ्या हातखंब्याच्या तिठ्यावर ते उजाडल्यापासून उभे होते. उभा जन्म एसटी हाकलेला माणूस. आज त्यांची नात दीपाली पहिल्यांदाच प्रवासी घेऊन आंबा घाट उतरणार होती. गाडी आली की चाकापुढे नारळ फोडायचा, असं ठरलेलं.

दिवस परतीच्या पावसाचे. घाटमाथ्यावर विजांसह पाऊस, सकाळी दाट धुकं, दरडींचा धोका, गरज असेल तरच प्रवास करा, असं सगळं हवामान खात्यानं एका दमात सांगून ठेवलेलं. चहावाल्या आत्मारामनं ते मोबाइलवर वाचून दाखवलं, तर तात्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

"धुकं मला सांगतोस? एकदा घाटात काच पुसायला हात बाहेर काढला, तो परत सापडेचना. साखरप्यात उतरल्यावर मागच्या सीटवरच्या बाईनं आणून दिलान. पण गाडी थांबवली नाही! आमच्या घरातली गाडी घाटात थांबत नाही. पोर वेळेच्या आधी येते की नाही बघ."

हे त्यांनी तिठ्यावरच्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. रिक्षावाल्यांना तर दोनदा. आता घराण्याचं नाव त्या एका गाडीवर होतं.

वेळेच्या आधीची वेळ गेली. मग वेळही गेली. दीपालीचा फोन लागेना. तात्या रस्त्याच्या मधोमध जाऊन पालीकडे, घाटाच्या दिशेला बघून आले.

"तात्या, नारळ द्या इकडे," आत्माराम म्हणाला. "चटणी तरी होईल ओ."

"गप रे मेल्या!"

तेवढ्यात तिठ्यावरच्याच नितेशची जीप आली. ती घाटातूनच आलेली. दिवे अजून चालू होते.

"तात्या, तुमची नात वर आंबा गावात थांबलीय. गाडी कडेला लावलीन नि चावी खिशात घातलीन. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची मुंबईची गाडी, नुसती बोंबाबोंब! ही म्हणते, मला रस्ता दिसला की निघेन."

"बिघाड झाला असेल."

"काय नाय ओ. थांबलीय."

सगळा तिठा हसला. रिक्षावाल्यांतला एक ओरडला, "तात्या, हात सापडला, पण नात अडकली!"

तात्यांनी नारळ आत्मारामच्या हातात दिला. "कर चटणी," म्हणाले, आणि रस्त्याकडे पाठ करून बाकावर बसले.

चांगलं ऊन पडल्यावर गाडी आली. खिडक्यांपर्यंत चिखलानं माखलेली, पण चाल अशी, जणू देवाची पालखी. माणसं कुरकुरत उतरली. दीपाली खाली आली आणि आजोबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, बोला तरी. वर पुढचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं."

तात्यांनी मान वळवली. आत्मारामनं चहा गाळायचा थांबवला.

सगळ्यांच्या शेवटी यमुनाबाई उतरल्या. हातखंब्याच्याच. त्यांची लेक कोल्हापुरात दिलेली, त्यामुळे आजवर त्यांनी घाट केला तो रावजींच्याच गाडीनं. अंबाडा सुटलेला, डोळे जड, आणि एका गालावर खिडकीच्या गजाचा लालभडक वळ.

"रावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत दर वळणाला मी एकेक देव आठवायचे. कोकणातले संपले की देशावरचे घ्यायचे. आज या पोरीनं घाट उतरवलान, नि मला मेलीला झोप लागली ओ!"

कुणीच हसलं नाही. आता तात्या उसळणार, म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तात्या त्या वळाकडे बघत होते. बघता बघता त्यांची मान ताठ झाली, मग मिशी वर गेली. ते उठले, दीपालीच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्या तिठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"यमुनाबाई, तो वळ संध्याकाळपर्यंत पुसू नका. माझ्या नातीच्या गाडीत, आंबा घाटात, माणूस झोपलं होतं! पाचच्या गाडीच्या लोकांना दाखवायचाय."