दुसरी दाढ

“अजून थोडं उघड,” वैजनाथ डोळे मिटून पुटपुटला. दोन बोटं त्यानं हवेत धरली होती, कुणाचा तरी गाल बाजूला सारावा तशी.

“खालचा सुळा?” कालिंदीनं विचारलं.

“नऊ ते दहा.”

“कायमची पहिली दाढ?”

“सहा.”

कोणता दात कितव्या वर्षी येतो, याची ही उजळणी. दंतवैद्यकातल्या एमडीएसची प्रवेश परीक्षा परवावर आली होती. दोघांची ओळख यंदाच्या क्लासमधली, पण त्याची ही तऱ्हा कालिंदीला एव्हाना पाठ झाली होती. बाकीचे तक्ते घोकायचे, हा धाकट्या बहिणीच्या तोंडात बघायचा. बीडीएसच्या पहिल्या वर्षी सुट्टीत गावी गेला, की आधी सावनीला अंगणात उन्हात बसवून आ करायला लावायचा. ती हसायची, मुद्दाम बोट चावायची. तेव्हापासून डोळे मिटले की ती समोर येऊन बसते म्हणे. असा भाऊ आपल्याला नाही, याचं कालिंदीला वाईटच वाटायचं.

गल्लीत टँकर शिरला. शहराच्या कडेच्या या पडेगावात इमारती रोज उगवत होत्या आणि पाणी मात्र टँकरनंच येत होतं. वैजनाथनं उठून खिडकी लावून घेतली. तो नेहमीच लावायचा. उंबऱ्याजवळ त्याची आई, सारजाबाई, बाजरी निवडत बसली होती. टँकरची घरघर थांबेपर्यंत तिचे हातही सुपात तसेच थांबले.

“हं, कायमची दुसरी दाढ?”

वैजनाथ खिडकीची कडी चाचपत राहिला.

“अरे, दुसरी दाढ.”

“माहीत नाही.”

कालिंदीचा पारा चढला. “बारा. बारा वर्षं. किती वेळा सांगू? दर टेस्टला हाच प्रश्न चुकवतोस. गेल्या वेळी एका मार्कानं सीट गेली ना तुझी? अवघड सगळं येतं, आणि शेंबडं पोर सांगेल ते येत नाही. बघ की सावनीच्या तोंडात.”

त्यानं डोळे मिटून बघितलं. बोटं बराच वेळ हवेतच राहिली.

“तिथं नुसती हिरडी आहे,” तो हळूच म्हणाला.

कालिंदीच्या अंगावर काटा आला. तो झटकायला ती हसली.

“मग फोन लाव तिला. एव्हाना केव्हाच आली असेल दाढ.”

सारजाबाईनं सूप बाजूला सारलं.

“पोरी, ती अकराची बी झाली नव्हती,” ती म्हणाली. “दुष्काळात गावच्या विहिरीत टँकरचं पाणी सोडायचे. पाण्यासाठी लई रेटारेटी व्हायची. त्यातच गेली आत.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं कालिंदीला झालं. वैजनाथचे डोळे अजून मिटलेलेच होते. सारजाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचा हवेतला हात तिनं दोन्ही हातांनी धरून खाली आणला आणि मांडीवर घेतला.

“बारा लिही, वैजनाथ,” ती म्हणाली. “आपल्या सावनीची नाय आली. बाकीच्यांच्या लेकरांची येती.”