खळ घातलेली दुपटी

दवाखान्यात न्यायची पिशवी भरता भरता निवृत्तीरावांनी विहीणबाईंपुढे दुपटी ठेवली. गेलेल्या बायकोच्या जुन्या सुती साड्या फाडून त्यांनी ती स्वतः शिवली होती. पण पापडासारखी कडक!

"अहो व्याहीबुवा, खळ घातलीत की काय?"

"घातली. इस्त्रीही केली."

"बाळ यायचंय, पुढारी नव्हे!"

दिवस भरत आलेली लेकही खदखदून हसली. निवृत्तीरावांचा चेहरा मात्र पडला. पहिलं बाळंतपण माहेरीच, असा त्यांनी हट्ट धरला होता. पण माहेरी आईच उरली नव्हती. विहीणबाई सुनेला सासरी न्यायलाच आल्या असणार.

"घेऊन जा तिला," ते हळूच म्हणाले. "मला एकट्याला नाही जमायचं."

"न्यायची कशाला? मीच राहते की इथे, बारशापर्यंत. दवाखान्यातही मीच थांबेन तिच्याजवळ."

"सुनेच्या माहेरी सासू मुक्कामाला? लोक काय म्हणतील?"

"सांगा, बहीण माहेरपणाला आलीय." विहीणबाईंनी ऐसपैस मांडी घातली. "आणि माहेरपणाला आलेली बाई स्वतः चहा करत नसते, दादा."

डोळे पुसत, हसत निवृत्तीराव चहाचं आधण ठेवायला उठले.