पुजलेला पाना

खंडेनवमीच्या सकाळी धुरपदाबाईंनी कारेगावजवळच्या वस्तीवरचं आपलं अंगण सारवलं, वाफ्यातून पाटीभर झेंडू खुडून आणला आणि मग मुलाची कॅरव्हॅन पुसायला घेतली. गाडी जुनी, आखूड, दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. आत एक पलंग, हातभर ओटा, एक बेसिन. मुलगा रोहिदास कंपनीतून आला की तो आणि सून सुवर्णा मिळून तिच्यातच शिरत. दोघांनी गंजलेला पत्रा कापून नवा बसवला होता, टपाच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं होतं, टपावर पाण्याची टाकी चढवून तिथून बेसिनपर्यंत नळी ओढली होती. नवी गादी कालच फळीला स्क्रूनं पक्की केली होती. उद्या, दसऱ्याला, रोहिदास भाड्याची पहिली पार्टी घेऊन कोकणात निघणार होता.

गाडीपुढं पोतं अंथरून हत्यारं मांडली गेली: पाने, पक्कड, पेचकस, ड्रिल मशीन. रोहिदासनं एकेकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि तो शेगडी आणायला शिरूरला गेला. जाताना सुवर्णाला म्हणाला, "टाकी भरून ठिव."

सुवर्णानं टाकी भरली. थोड्याच वेळात ती गाडीच्या दारात आली.

"आत्या, पलंगावरच्या नळीची क्लिप ढिली हाय. पाणी गळतंय. पेचकसानं एक आटा पिळला की झालं."

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"आवो, गादी भिजतीय. ती काढायची म्हणली तरी पेचकसच लागतोय."

"फडकं बांध. तुझ्या सासऱ्यानं जल्मात कवा नवमी मोडली न्हाई."

सुवर्णानं फडकं बांधलं, खाली पातेलं धरलं, बेसिनचा नळ सोडून टाकी रिकामी करत बसली. पाणी फडक्यातून पाझरलं, नळीवरून पुढं ओघळलं आणि पातेलं चुकवून गादीतच मुरत राहिलं.

रोहिदास आला तेव्हा गादी दाबली की पाणी वर येत होतं.

"ह्ये काय करून ठिवलंस?"

"क्लिप ढिली व्हती."

"मग पिळायला हात मोडलं व्हतं का तुझं?"

सुवर्णानं सासूकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. धुरपदाबाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण रोहिदासचा आवाज चढला की या घरात कुणी बोलत नसे, आणि त्याही बोलल्या नाहीत.

त्यानं सुवर्णाच्या थोबाडीत मारली. मग केस धरून तिला गाडीतून खाली ओढलं. पायरीच्या कडेवर तिचा गुडघा आपटला. ती उठायच्या आत त्यानं पोत्यावरचा मोठा पाना उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर. आवाज फारसा झाला नाही. तिसऱ्यासाठी हात वर गेला.

"आरं, पुजलेला पाना!" धुरपदाबाई किंचाळल्या.

रोहिदास थांबला. त्यानं हातातल्या पान्याकडे पाहिलं. जीभ चावली. पाना दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, वाकून पोत्यावर होता तिथं ठेवला, घसरलेलं फूल पुन्हा त्याच्यावर ठेवलं आणि पाय धुऊन घरात गेला. आतून भांडी काढल्याचा आवाज आला.

"आये, कुणी इचारलं तर टपावरनं पडली म्हणायचं," तो आतूनच म्हणाला. "आन् मीठ कुठं ठिवलंय?"

"फळीवर," धुरपदाबाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या.

सुवर्णा गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. धुरपदाबाईंनी तिच्या कानावरचे केस बाजूला करून तिचाच पदर दाबला. पदराला आधी पिवळं लागलं, मग लाल.

"आत्या," सुवर्णा हळू आवाजात म्हणाली, "पाना माझ्यापरीस भारी निघाला की."

पदर भिजत चालला होता. मीच नको म्हणलं, मीच, असं काहीसं धुरपदाबाई पुटपुटल्या. पण ते आता सुवर्णाला सांगण्यात काही अर्थ नव्हता आणि ज्याला सांगायला हवं होतं तो आत भाकरी कुस्करत होता.

त्यांनी पदर सुवर्णाच्याच हातानं धरायला लावला, कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला आणि तिच्यासमोर धरला.

"लावू का पोलिसांस्नी?"

सुवर्णानं आधी फोनकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. तिनं होकाराची मान हलवली.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. धुरपदाबाईंनी सुनेचं नाव सांगितलं. डोकं फुटलंय, दवाखान्याची गाडी बी पाठवा, असं सांगितलं.

"कुणी मारलं?"

"रोहिदासनं."

"तुमचे कोण लागतात ते?"

"पोरगा."

"आवाज येत नाहीये, आजी. कोण?"

धुरपदाबाईंनी घराच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं.

"पोरगा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझा."

आतला ताटाचा आवाज थांबला. धुरपदाबाई दार आणि सुवर्णा यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि वस्तीवर यायची वाट सांगू लागल्या.