पूजेतली चकती

श्रद्धेच्या पोटी घडलेली चूक दाखवून देणे फार अवघड असते. मौन बाळगावे तर अनर्थाला आपणच वाट करून दिल्यासारखे होते. बोलावे तर ज्याने निर्मळ मनाने हात जोडले, त्याचेच हात झिडकारल्यासारखे होते. दसऱ्याच्या सकाळी शिवाजी पेठेतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात तिथले जुने कारागीर चन्नाप्पा मिस्त्री अशाच पेचात उभे होते.

दुकानाचा मालक अमरेश ग्राइंडरला लोखंड कापायची पातळ चकती बसवीत होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली होती. आता मुहूर्ताचा पहिला काप घ्यायचा होता. चकतीवर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती आणि त्यांच्याभोवती वाळलेल्या दुधाचा फिकट ओघळ होता. चन्नाप्पांची नजर त्या ओघळावर खिळली.

“वैनी,” त्यांनी अमरेशच्या आईला, हिराबाईंना विचारले, “ह्या चकतीला पाणी लागलंय व्हय?”

“लागलंय म्हंजे? दुधापाण्यानं चांगली आंघोळ घातली की काल. परातीत बुडवून,” नारळ सोलता सोलता हिराबाई म्हणाल्या. “मशिनीला न्हाई हं घातली. त्यात करंट असतोय, एवढं कळतंय मला. ती नुसती कोरड्या फडक्यानं पुसली.”

चन्नाप्पा अमरेशजवळ सरकले आणि हलकेच म्हणाले, “काढ ती. दुसरी लाव.”

“मामा, खडखडीत वाळलीया,” तो कुजबुजला. “अव्वानं मुद्दाम मुहूर्तासाठी ठेवलीया. सणादिवशी तिचं मन मोडू व्हय?”

“वरनं वाळलीया. आतलं कुणी बघितलंय? फुटली म्हंजे?”

“काय फुटंल?” हिराबाईंचा हात थांबला.

चन्नाप्पा अमरेशकडे पाहू लागले.

“चाळीस वर्सं ह्या घरची भाकरी खाल्लासा मिस्त्री, आन् आज घास अडकल्यागत तोंड का केलासा? बोला की!”

चन्नाप्पांनी टोपी काढून हातात घेतली. “वैनी, ही चकती अखंड लोखंडाची न्हाई. बारीक खडा डिंकासारख्या लुकणात धरून केल्याली असती. पाणी प्याली की लुकण ढिलं पडतंय, आन् ते वरनं दिसत न्हाई. मिनिटाला धा-अकरा हजार फेरं घेती ही. फिरता फिरता तुकडा सुटला, तर म्होरं अमरेशचं तोंड हाय.”

हिराबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. मग उठून मुलाजवळ आल्या.

“काढ.”

“अव्वा, पण तुझी पूजा...”

“काल वाहिल्यालं फूल आज परत देवाला घालतोस व्हय? निर्माल्य झालं ते. काढ.”

अमरेशने आधी यंत्राची पिन बोर्डातून उपसली आणि पान्याने चकती सोडवून आईच्या हातात दिली. हिराबाई ती कालच्या फुलांच्या टोपलीत ठेवू लागल्या.

“तिथं नको, वैनी,” चन्नाप्पा म्हणाले. “कोण तरी चांगली दिसतीया म्हणून उचलंल आन् लावंल. मोडायला पायजे.”

हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली गेला होता. हिराबाईंनी चकती त्यांच्यापुढे धरली. “मग तुमीच मोडा. माझ्या हातनं न्हाई व्हायचं.”

चन्नाप्पांनी चकती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि ऐरणीवर ठेवून हातोड्याने तिचे तुकडे केले. हिराबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

अमरेशने कोरी चकती पुडक्यातून काढून बसवली. कुंकवाचा करंडा घेऊन हिराबाई सवयीने पुढे झाल्या आणि थबकल्या. “हिला बी न्हाई का?”

“हिला कोरडीच ऱ्हाऊ द्या. लावायचंच तर ह्याला लावा,” चकतीवरच्या अर्धगोल पत्र्याकडे बोट करीत चन्नाप्पा म्हणाले. “तुकडा सुटला तर ह्योच मधी उभा ऱ्हातोय. आन् तुमचा अमरेश त्योच काढून ठिवतोय घाईच्या वेळंला.”

“व्हय रं?”

अमरेश ओशाळला. “एकदाच काढलता, अव्वा.”

हिराबाईंनी त्या पत्र्याला ठसठशीत कुंकू लावले.

अमरेशने चष्मा चढवला आणि पत्रा स्वतःच्या बाजूला फिरवून घट्ट केला. चन्नाप्पांनी हिराबाईंना चकतीच्या रेषेतून बाजूला घेतले. अमरेशने पिन पुन्हा बोर्डात लावून यंत्र मिनिटभर मोकळेच फिरू दिले. त्याच्या आवाजात थरथर नव्हती. मग चकती लोखंडाला टेकली. ठिणग्या मोकळ्या भिंतीच्या दिशेने झरू लागल्या आणि त्यांच्या उजेडात हिराबाईंना मुलाचा चेहरा स्वच्छ दिसला.

त्या दुकानात खरे सांगणारा माणूस आणि ते ऐकून घेणारी माउली दीर्घकाळ सुखाने नांदोत.