शांत वॉर्ड

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ती सगळ्यात नवी होती. प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या माहितीची जुनी नावं दोन इंग्रजी शब्द चिकटवून, दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं करून लिहिलेली होती. साहेबांना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, हवी होती. सकाळी तिने एका फटक्यात सगळी नावं बदलली. कुठेच चूक दिसली नाही, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी नवजात बाळांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "मॅडम, काय जादू केलीत हो? सकाळपासून एकही अलार्म नाही. कसं शांत शांत वाटतंय!"

त्या वॉर्डात अलार्मशिवाय तास जात नसे. तिच्या लक्षात आलं, बाळांजवळची यंत्रं अजून जुन्याच नावाने माहिती पाठवत होती आणि अलार्म वाजवणारा तिचा प्रोग्रॅम नव्या नावाची वाट बघत बसला होता.

"सिस्टर, आधी एकेक बाळ हात लावून बघा!" असं ओरडून ती जिन्याकडे धावली.

ती पोचली तेव्हा सिस्टर कोपऱ्यातल्या पाळण्याशी उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "याचा श्वास मध्येच थांबतो," त्या पुटपुटल्या. "सकाळपासून कितीदा थांबला असेल..."

"बाळ?" तिने पाळण्यात डोकावलं.

बाळ हात-पाय हलवत होतं. शेजारी त्याची आई बसली होती, एक हात त्याच्या छातीवर, दुसरा, श्वास थांबताच तो सुरू करायला, तळपायाला टिचकी मारायच्या तयारीत.



"श्वास थांबला तरी यंत्र गप्पच दिसलं," आई म्हणाली, "म्हणून मी जागची हललेच नाही."